हप्त्यांची वही आणि बँकेचा व्याजदर

ब्राझीलमधील 'कासास बाईया' ही फर्निचर आणि घरगुती उपकरणे विकणारी दुकानांची साखळी २०२५ साली धनकोंच्या हाती गेली. कर्जरोख्यांचे समभागांत रूपांतर झाले आणि कंपनीचे नियंत्रण 'मापा कॅपिटल' या गुंतवणूक कंपनीकडे आले. पलंग, कपाटे, फ्रीज आणि दूरचित्रवाणी संच हप्त्याने विकून ब्राझीलच्या कष्टकरी वर्गाच्या घराघरांत पोहोचलेली ही साखळी स्वतःच्याच हप्त्यांपाशी येऊन अडली. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही. कारण दुसरीकडे शोधावे लागते.

संस्थापक सॅम्युएल क्लाइन हे मूळचे पोलंडमधील ज्यू. मायदानेकच्या नाझी छळछावणीतून ते वाचले आणि युद्धानंतर काही वर्षे म्युनिकला राहून १९५२ साली ब्राझीलमध्ये पोहोचले. साओ पाउलोलगतच्या साओ कायेतानो दो सुल या औद्योगिक गावात त्यांनी एक घोडागाडी घेतली आणि तिच्याबरोबर सुमारे २०० गिऱ्हाइकांची यादीही विकत घेतली. ती यादी हेच त्यांचे खरे भांडवल होते. चादरी, ब्लँकेटे, टॉवेल दारोदार विकायचे आणि पैसे थोडेथोडे करून वसूल करायचे, असा हा धंदा. १९५७ साली पहिले दुकान झाले. ईशान्य ब्राझीलमधून, विशेषतः बाईया प्रांतातून, पोट भरण्यासाठी आलेले कामगार हे मुख्य गिऱ्हाईक, म्हणून नाव पडले 'कासा बाईया'. गिरणगावात कोकणातल्या माणसांसाठी दुकान काढावे आणि पाटीवर कोकणच लिहावे, तसाच हा प्रकार.

या कामगारांपैकी अनेकांकडे पगाराची चिठ्ठी नव्हती, बँकेत खाते नव्हते. त्यांना 'कार्ने' म्हणजे हप्त्यांची छापील वही मिळे. महिन्याला एक पान, आणि ते भरायला दुकानातच यायचे. साखळीच्या यशाचे मर्म या शेवटच्या अटीत होते. दर महिन्याला गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढे, नव्या वस्तूंवर नजर टाकी, आणि वही संपत आली की विक्रेता दुसरी पुढे करी. कोण वेळेवर भरतो आणि कोण कुठे अडखळतो, हे दुकानाला बँकेच्या आधी कळे. मोठ्या पडद्याचा टीव्ही मागणाऱ्याची ऐपत लहानाचीच असेल, तर विक्रेत्याने त्याला लहानाकडे वळवावे, अशी शिकवण असे. त्यात गिऱ्हाइकाची काळजी किती आणि बुडीत उधारीची किती, हा भाग वेगळा.

१९९४ च्या 'रेआल' योजनेने या धंद्याला मोठे बळ दिले. त्याआधीच्या वर्षी ब्राझीलमधील महागाईचा वार्षिक दर २,४०० टक्क्यांच्याही पुढे होता. अशा देशात वर्षभराचा स्थिर हप्ता कोण ठरवणार? चलन सावरले आणि गरिबाला पुढच्या डिसेंबरचा हप्ता आज कळू लागला. भारतीय वंशाचे व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांनी २००४ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात गरिबांच्या बाजारपेठेचे उदाहरण म्हणून याच साखळीचा अभ्यास मांडला. त्या कौतुकात एक गोष्ट मात्र झाकली जाते. हप्त्यांची बेरीज रोख किमतीपेक्षा बरीच जास्त होत असे. साखळीच्या जाहिरातीतला निवेदक वस्तूची किंमत सांगण्याऐवजी 'तुम्हाला किती भरायचे आहे?' असे विचारी, ते उगीच नव्हे.

डिसेंबर २००९ मध्ये 'पाओ दे असुकार' या किराणा समूहाशी विलीनीकरणाचा करार झाला. आधी त्या समूहाने 'पोंतो फ्रिओ' ही प्रतिस्पर्धी साखळी विकत घेतली होती. क्लाइन कुटुंबाने लगेच कुरबुर केली, तेव्हा २०१० मध्ये अटी नव्याने ठरल्या. दोन्ही साखळ्यांची मिळून झालेली 'व्हिया व्हारेजो' २०१३ साली शेअर बाजारात आली. सॅम्युएल क्लाइन नोव्हेंबर २०१४ मध्ये वारले. किराणा समूहाने २०१९ साली आपला हिस्सा विकला आणि क्लाइन कुटुंबाचा प्रभाव परतला.

मात्र तोवर वहीमागचा पैसा बदलला होता. घोडागाडीच्या काळात उधारी दुकानदाराच्या पदरची होती. पुढे बँक पैसा देई, गिऱ्हाईक बँकेचा ऋणको ठरे आणि बुडीताची हमी साखळी घेई. या व्यवस्थेत पैसा किती महाग, हे मध्यवर्ती बँक ठरवते, आणि जोखीम मात्र दुकानाकडेच राहते. सेलिक हा मूळ व्याजदर २०२० मध्ये अवघा २ टक्के होता, तो ऑगस्ट २०२२ पर्यंत १३.७५ टक्क्यांवर गेला. महामारीत ऑनलाइन विक्रीच्या उत्साहाने चढलेला समभाग घसरू लागला. जानेवारी २०२३ मध्ये 'अमेरिकानास' या दुसऱ्या मोठ्या साखळीचा हिशेबातला घोटाळा उघड झाला आणि बँकांनी सगळ्याच विक्रेत्यांकडे संशयाने पाहायला सुरुवात केली.

ऑगस्ट २०२३ मध्ये ५० ते १०० दुकाने बंद करण्याची आणि सुमारे ६,००० नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर झाली. एप्रिल २०२४ मध्ये ४१० कोटी रेआलच्या कर्जाची न्यायालयाबाहेर फेररचना करावी लागली. मुख्य धनको होते ब्रादेस्को आणि बांको दो ब्राझील.

आपल्याकडील व्यवस्थेशी तुलना केली तर फरक ठळक होतो. मुंबई-पुण्याच्या दुकानात फ्रीज हप्त्याने घेतला, तर कर्ज सहसा बजाज फायनान्ससारखी वित्तसंस्था देते. दुकानदाराला त्याचे पैसे मिळतात आणि थकबाकीची डोकेदुखी वित्तसंस्थेकडे जाते. अर्थात गिऱ्हाईक ओळखण्याचे ज्ञानही तिच्याकडेच जाते.

कासास बाईयाला हे ज्ञान सोडायचे नाही. २०२३ च्या योजनेत तिने ऑनलाइन किरकोळ मालाचा सोस आवरता घेतला आणि फर्निचर, उपकरणे व हप्ते या जुन्या वाटेला परतण्याचे ठरवले. त्याच वर्षी कंपनीचे नावही पुन्हा 'ग्रुपो कासास बाईया' झाले. जून २०२५ मध्ये सेलिक १५ टक्क्यांवर पोहोचला, आणि इतका महाग पैसा उचलून गरिबाला पलंग हप्त्याने द्यायचे आव्हान नव्या मालकांपुढे उभे राहिले.