कूलर, शिडी आणि घरचा मिस्त्री

मार्च लागला की परभणीत गच्चीवरचे कूलर खाली येतात. जुनं गवत काढायचं, नवं भरायचं, टाकीला गंजून पडलेलं भोक एम-सीलनं बुजवायचं, पंप पाणी चढवतो का ते बघायचं. बहुतेक घरांत ही कामं घरचाच माणूस करतो. मग पंधरा-वीस दिवसांत माझ्याकडे कुणीतरी येतं, हाताला फडकं गुंडाळलेलं असतं आणि म्हणतं, "काही नाही साहेब, जरा कूलर बघायलो होतो."

हे "काही नाही" मला गेली पंचवीसेक वर्षं ऐकू येतंय. त्याबद्दलच आज लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाट बघणार नाही. घरची दुरुस्ती स्वतः करू नका, असं मी म्हणणार नाही. माझे बरेच व्यवसायबंधू तसं सांगतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण ते कुणी ऐकत नाही. आणि का ऐकावं? इलेक्ट्रिशियन "येतो" म्हणून चार दिवस येत नाही. प्लंबर एक वॉशर बदलायचे मागेल तेवढे पैसे घेतो. बाहेर ४४ अंश तापमान असताना घरात म्हातारी आई कूलरविना तळमळत असेल, तर माणूस पाना-पक्कड घेऊन बसणारच. मीही बसतो. पण कोणतं काम आपलं आणि कोणतं नाही, याची रेघ आपण चुकीच्या जागी ओढतो. अवघड दिसणाऱ्या कामाला घाबरतो आणि सोपं दिसणाऱ्या कामात जीव घालवतो.

आपल्या भागाला घरदुरुस्ती नवी नाही. माझ्या आजोळी माळवदाचं घर होतं. मृगाच्या आधी घरातले सगळे वर चढून पांढरी माती पसरायचे, चोपायचे, पन्हाळी मोकळ्या करायचे. मिस्त्री कुणी बोलावत नसे. पण हीच चांगली सवय पुढे महागात पडली. दरवर्षी मातीचा एक थर चढत गेला, जुना कुणी काढला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या भिंती आणि त्यावरची ती जड छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. मी तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होतो. हजारो माणसं गेली.

त्यानंतर काय झालं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. पुनर्वसनात नवी गावं वसली, तशी भूकंपग्रस्त पट्ट्यातली असंख्य जुनी घरं मजबूतही केली गेली, आणि त्यात घरमालक स्वतः उतरले. सरकारनं पैसे आणि तांत्रिक सल्ला दिला. छतावरची माती कमी करा, दगडी भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर आडव्या दगडांनी एकमेकांना बांधा, लाकडी खांब-तुळयांच्या कोपऱ्यांत तिरके टेकू द्या. गावोगावच्या बायकांचे गट ही माहिती घरोघर पोचवत होते. म्हणजे समजावून सांगितलं तर आपली माणसं व्यवस्थित काम करतात. नुसतं "करू नका" म्हणून काही होत नाही. (२०२४ च्या मार्चमध्ये हिंगोलीकडे केंद्र असलेला भूकंप आपल्याला परभणीतही जाणवला. तेव्हा पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असं आवाहन शेजारच्या नांदेड जिल्ह्यात करण्यात आलं होतं. तुमच्या पत्र्यावर अजून दगड असतील तर या उन्हाळ्यात हुक आणि नट-बोल्ट लावून घ्या. हे काम कुणालाही जमेल, फक्त भर दुपारी करू नका.)

आता कूलर. मला सगळ्यात जास्त भीती याच यंत्राची वाटते. लोखंडी पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, खिडकीतून आणलेली टेप लावलेली वायर, आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी उभा माणूस. मृत्यूसाठी याहून सोयीची मांडणी मी दवाखान्याबाहेर पाहिलेली नाही. पंपाचं किंवा मोटरचं वेष्टण कुठेतरी खराब होतं, करंट पेटीत उतरतो आणि पेटी आपल्याला स्पर्श करताना वाट बघत बसलेली असते. कोरड्या कातडीचा विरोध बराच असतो, ओल्या कातडीचा फार कमी. त्यामुळे एरवी जो नुसता झटका देऊन सोडतो, तोच करंट ओल्या हाताला सोडत नाही.

आकडे समजून घ्या. साधारण १० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या भागाइतका करंट हातातून गेला, तर स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. "चिटकला" म्हणतो ते हेच. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं, रक्त पुढे ढकलत नाही. आता तुमच्या बोर्डावरचा एमसीबी बघा. त्यावर ६, १० किंवा १६ लिहिलेलं असेल. ते अँपिअर आहेत. तो वायर जळू नये म्हणून आहे, माणूस मरू नये म्हणून नाही. तुम्हाला मारायला पुरेसा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो. "घरात एमसीबी आहे ना, मग काय होतंय," असं सांगणाऱ्या शिकल्यासवरल्या लोकांची मला कीव येते.

माणूस वाचवणारं उपकरण वेगळं असतं. त्याला आरसीसीबी म्हणतात, दुकानात ईएलसीबी म्हणून मागितलं तरी कळतं. घरासाठी ३० मिलिअँपिअरचं घ्यायचं. जाणारा करंट आणि परतणारा करंट ते सतत ताडून बघतं. फरक पडला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला आहे असं दिसलं, की ते क्षणार्धात पुरवठा तोडतं. किंमत साधारण दोन-तीन हजार रुपये. फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरी एकदम धरल्या तर तेही वाचवू शकत नाही, एवढं लक्षात ठेवा. हे मात्र स्वतः बसवू नका, जाणकाराकडून बसवून घ्या आणि त्याच वेळी अर्थिंग तपासायला लावा. महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघा. फ्रिज जाताना दारावर लाल कापड बांधणाऱ्या आपल्या लोकांना हा खर्च जड वाटतो, हे मला कोडंच आहे.

कूलरला हात लावायचा तर बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि पेटीत फेज तसाच राहतो. प्लगच ओढून काढा आणि हातात, डोळ्यांसमोर ठेवा. पाणी भरायचं तरी हेच. "लाइट गेली आहे तोवर वायर जोडून घेतो," असं तर कधीच नको. लाइट तुम्हाला विचारून परत येत नाही. इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच पाडल्यावरही काही पॉइंट जिवंत असतात.

शॉक लागून कुणी चिकटलं असेल तर त्याला धरू नका. मेन बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं ढकला. तो निपचित असेल आणि श्वास नीट नसेल, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगून तुम्ही छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून दाबायला सुरुवात करा. दर मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल. बरगडीची काळजी करू नका. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, अंगावर माती टाकणं यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. आणि माणूस उठून बसला, हसला, चहा प्यायला, तरी जोरदार शॉक असेल, चक्कर आली असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर ईसीजी काढायला आणा. भाजल्याची खूण बोटावर तांदळाएवढी असते, आतला मार्ग मोठा असतो. लघवी चहासारखी गडद झाली तर लगेच या. स्नायू जळून त्यातला पदार्थ मूत्रपिंडात अडकतो आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

कूलरवर इतकं लिहिलं, कारण तो आपला शत्रू आहे. शिडीबद्दल थोडक्यात. पन्नाशीनंतर स्टुलावर चढून पंखा पुसताना पडणारे माझे रुग्ण तरुणांपेक्षा जास्त आहेत. बीपीच्या गोळ्या चालू असताना मान वर करून काम केलं की काहींना गरगरतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला, तर टेंगूळ लहान असलं तरी तपासून घ्या, आतला रक्तस्राव काही तासांनी बोलतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो वरून दगडासारखा दिसतो आणि पापडासारखा मोडतो.

दिवाळीच्या रंगकामात चुना डोळ्यांत जातो. ॲसिडपेक्षा चुना वाईट, कारण तो आत मुरत जातो. दवाखान्याकडे पळण्याआधी नळाखाली अर्धा तास डोळा धुवा, पापणी उलटून कण निघतात का बघा. तूप, मध, दूध काही नको. ओल्या सिमेंटमध्ये अनवाणी उभं राहणाऱ्यांचे पायही असेच भाजतात, संध्याकाळपर्यंत कळत नाही. आणि हातोडी किंवा ग्राइंडर चालवताना शंभर रुपयांचा गॉगल घाला. लोखंडाचा कण बुबुळात घुसला असेल तर चोळू नका, काडीनं काढायचा प्रयत्नही नको.

एक कबुली. काही वर्षांपूर्वी मी स्वतः बाथरूमची फरशी चकचकीत करायला ॲसिड ओतलं, डाग जाईनात म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. तरीही टाकली. खोकत बाहेर पळालो, दोन दिवस छाती आवळत होती, आणि बायकोनं महिनाभर तो विषय सोडला नाही. तेव्हा ज्ञान असणं आणि त्या क्षणी ते आठवणं यात अंतर आहे, हे मी अनुभवानं सांगतो. असा वायू नाकात गेला तर मोकळ्या हवेत या. त्रास काही तासांनी वाढू शकतो, त्यामुळे दम लागू लागला तर रात्र काढू नका.

एका कामाला मात्र माझा साफ नकार आहे: सेप्टिक टँक. मे २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे टाकी साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. अशा ठिकाणी नेहमी हेच घडतं, एक आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि माणसाला वाटतं वायू निघून गेला. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपू शकते. नाकाला रुमाल बांधून काही होत नाही, मेणबत्ती उतरवून बघण्यावरही विसंबू नका. स्वतः उतरू नका आणि पैसे देऊन दुसऱ्याला उतरवू नका. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही आत उतरवणं हा गुन्हा आहे, घरमालकालाही तो लागू आहे. उपसा करणारी गाडी बोलवा. गाळ काढायचा जुना आडही याच हिशेबात धरा.

शेवटी धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल, कारण खिळा लागलेला प्रत्येक जण तेच मागत येतो. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात, गंजलेला खिळा बहुधा तिथेच पडलेला असतो, एवढंच. लहानपणचा पूर्ण कोर्स झाला असेल तर खोल किंवा मळलेल्या जखमेला पाच वर्षांत, स्वच्छ जखमेला दहा वर्षांत एकदा घेतलेलं पुरतं. दर सहा महिन्यांनी लागत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जखम वाहत्या पाण्यानं, साबणानं पाच-दहा मिनिटं धुणं, आणि ते बहुतेक कुणी केलेलं नसतं. हळद, चहापत्ती, टूथपेस्ट भरून आणलेली जखम आम्हाला आधी उकरावी लागते. मधुमेह असेल तर तळपायातला खिळा दुखत नसला तरी दाखवा, न दुखणं हेच तिथे वाईट लक्षण आहे.

आणि माझ्याकडे याल तेव्हा "काही नाही" म्हणू नका. किती उंचीवरून पडलात, शॉक कोणत्या हाताला लागला, किती वेळ चिकटला होतात, बेशुद्ध झालात का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सांगा. डोळ्यात किंवा पोटात काही गेलं असेल तर त्याची बाटली किंवा डबा सोबत आणा. मी रागावणार नाही. रागावलो तर बाथरूमच्या फरशीची आठवण करून द्या.