फोरजी काढा, टूजीवर ठेवा

फोनच्या सेटिंग्जमध्ये एक जागा अशी आहे, जिथे शहरातला माणूस फोन घेतल्यापासून तो एक्स्चेंजमध्ये देईपर्यंत एकदाही फिरकत नाही. 'प्राधान्य दिलेला नेटवर्क प्रकार' असं तिचं भारदस्त मराठी नाव. आत गेलं की यादी दिसते: फाइव्हजी, फोरजी, थ्रीजी, टूजी, ऑटो. आपण पुण्यात, ठाण्यात, हिंजवडीत 'ऑटो'वर सुखी असतो. फोन काय ते बघून घेतो, आपल्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

मोहर्लीला मात्र ही यादी लोकांना तोंडपाठ आहे. मोहर्ली म्हणजे इरई धरणाच्या पाण्याजवळचं, ताडोबाच्या गेटचं गाव. वाघ बघायला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. मी दोन-तीनदा गेलोय. प्रत्येक वेळी फोन लागेना म्हणून तो हवेत धरून उभा राहिलो, की कुणीतरी शेजारी येऊन एकच सल्ला देतं, "फोरजी काढून टाका ना भाऊ, टूजीवर ठेवा. बोलणं होते मग." आणि खरंच होतं! दोन दांड्या दाखवणारं फोरजी मुकं बसलेलं असतं आणि टूजीवर पहिल्या झटक्यात पलीकडे घंटी वाजते. ज्या फोनमध्ये ही यादी नीट दिसत नाही, तिथे *#*#४६३६#*#* दाबून चाचणीचा मेनू उघडायचा आणि 'फक्त जीएसएम' निवडायचं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालणारी ही युक्तीसुद्धा मला तिथल्या एका जिप्सीवाल्या दादाने दाखवली. सॉफ्टवेअरचा पगार मी घेतो. असो.

तर मंडळी, आजचा विषय हाच. "टूजी म्हणजे गेल्या शतकातली गोष्ट, आता बंद करून टाका" असं शहरात सहज बोललं जातं. माझं म्हणणं असं की, ऑटो फसलं तर हाताने बदलायला खाली काय उरतं, याचं उत्तर मिळेपर्यंत जुनी पायरी काढू नये. निदान जंगलाच्या जिल्ह्यांत तरी नाही.

आधी थोडं तांत्रिक. कंटाळू नका, एका कपभर चहात संपेल.

फोन नेटवर्क निवडतो तेव्हा 'कुणाचा आवाज सगळ्यात मोठा' एवढंच बघत नाही. टॉवर त्याला प्राधान्यक्रम सांगत असतो. साधारणपणे फाइव्हजी वर, मग फोरजी, आणि टूजी सगळ्यात खाली. वरच्या पायरीचा सिग्नल कंपनीने ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर असला की फोन तिथेच चिकटून राहतो, मग खालचं नेटवर्क कितीही खणखणीत येत असो. शहरात हे बरोबर आहे. पाचशे मीटरवर दुसरा टॉवर असतो, आणि नवं ते वेगवान असतं. जंगलात टॉवर लांब असतो, आणि फोन त्या उंबरठ्यावर लटकलेला राहतो. मग कधी वर, कधी खाली अशी उडी मारत बसतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपवतो.

दुसरी गंमत दांड्यांची. दांड्या दाखवतात, तुम्हाला टॉवर किती ऐकू येतो ते. टॉवरला तुम्ही ऐकू येता का, हे त्या सांगत नाहीत. टॉवर भोंगा लावून ओरडतोय आणि आपण कुजबुजतोय, असा तो मामला आहे. ९०० मेगाहर्ट्झवरचा टूजी फोन जास्तीत जास्त २ वॅटने बोलू शकतो. फोरजी फोनची नेहमीची कमाल मर्यादा ०.२ वॅट, म्हणजे दहावा भाग. त्यात वारंवारता जितकी जास्त, तितका सिग्नल झाडापानांत जास्त मुरतो. २,३०० मेगाहर्ट्झवरचं फोरजी किंवा ३,३०० च्या वरचं फाइव्हजी सागवानाच्या आणि बांबूच्या दाट रानातून फार लांब जात नाही. ९०० वाला त्यापेक्षा बराच पुढे जातो. फोरजीसुद्धा ७०० किंवा ८५० वर चालवता येतं आणि चालवतातही, पण तुमच्या गावच्या टॉवरवर नेमकं काय लावलंय हे फोनच्या वरच्या पट्टीवरून कळत नाही. तेव्हा गावकऱ्यांचा सल्ला हा काही जुनाट माणसांचा हट्ट नाही. त्यामागे चोख भौतिकशास्त्र आहे.

आता या पिढ्यांचा आपल्याकडचा इतिहास बघा, मोठा मजेशीर आहे. थ्रीजीचा लिलाव २०१० मध्ये झाला, केवढा गाजावाजा. दहा वर्षांच्या आत, २०१९-२० मध्ये, एअरटेलने थ्रीजी गुंडाळलं आणि टूजी मात्र ठेवलं. म्हणजे मधला भाऊ आधी गेला, थोरला अजून घरात! कारण सरळ आहे. इंटरनेट फोरजीवर गेलं, आणि साध्या फोनवर नुसतं बोलणारी माणसं टूजीवर राहिली. थ्रीजीला कुणीच उरलं नाही. तिकडे जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आलं तेच थेट फोरजी घेऊन. त्या सिमला 'ऑटो' म्हणजे फोरजी किंवा फाइव्हजी, त्याखाली उतरायला पायरीच नाही. जानेवारी २०२४ मध्ये जिओने ट्रायला दिलेल्या उत्तरात टूजी आणि थ्रीजी पूर्ण बंद करण्याचं धोरण सरकारने आणावं, असं सुचवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात चुकलं काय? प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या बाजूला दम आहे. दोन-दोन नेटवर्क चालवायची म्हणजे दुप्पट यंत्रं, वीज, डिझेल. टूजीने अडवलेला स्पेक्ट्रम नव्या नेटवर्कला दिला तर वेग वाढेल. शिवाय टूजी सुरक्षित नाही. त्यात टॉवर फोनची ओळख तपासतो, फोन टॉवरची तपासत नाही, त्यामुळे खोटा टॉवर उभारून फसवता येतं. म्हणून तर अँड्रॉइडने १२ व्या आवृत्तीपासून टूजी बंद करायचं बटण दिलं. पुण्यात बसून ते बटण दाबायला माझी काहीच हरकत नाही. पण पुण्यातलं बटण आणि देशाचं धोरण यात फरक आहे.

त्यासाठी ऑस्ट्रेलियाकडे बघा. तिथे २८ ऑक्टोबर २०२४ पासून उरलेलं थ्रीजी बंद करायला सुरुवात झाली. त्याआधी एक भयंकर गोष्ट लक्षात आली. काही फोन रोजचे कॉल झकास फोरजीवरून करायचे, पण तिथला आणीबाणीचा नंबर ट्रिपल झिरो लावला की गुपचूप थ्रीजीवर उतरायचे. फोन वापरणाऱ्याला याचा पत्ताच नाही! थ्रीजी गेलं की बाकी सगळं चालू राहणार आणि नेमका जीव वाचवणारा कॉल तेवढा लागणार नाही. तारीख पुढे ढकलावी लागली, आणि शेवटी सरकारला असे फोन नेटवर्कवरून बंद करायचा आदेश द्यावा लागला. नेटवर्क बदलणं म्हणजे नुसता वेग बदलणं नाही, हे तिथे सगळ्यांना कळलं.

मोहर्लीच्या परिसरात तर याचा संबंध थेट जीवाशी आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचा, त्यातलं ११०० हून जास्त बफर. बफर म्हणजे रिकामं जंगल नव्हे; तिथे गावं आहेत, धानाची शेतं आहेत, गुरं आहेत. एप्रिल-मे मध्ये बाया-माणसं पहाटे मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला रानात जातात, आणि तेव्हाच वाघाशी गाठ पडते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा वेळी वेगाचं कौतुक कुणाला? पंधरा सेकंदांचं बोलणं पुरतं. "इकडे येऊ नका." "गाडी पाठवा."

२०२३ मध्ये मोहर्लीजवळच्याच सीतारामपेठला एआयचे कॅमेरे लावले गेले. गावाच्या कडेला वाघ दिसला की कॅमेरा तो ओळखतो आणि सूचना मोबाईलवर जाते. आपल्या धंद्याला अभिमान वाटावा असं काम आहे. पण जरा साखळी मोजा. कॅमेरा, मॉडेल, सर्व्हर, आणि शेवटची कडी म्हणजे कुणाच्या तरी खिशातला फोन. तो त्या क्षणी फोरजीच्या उंबरठ्यावर लटकलेला असेल, तर अलीकडची सगळी हुशारी तिथेच थांबली.

सरकार काहीच करत नाही, असंही नाही. गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्राने २०१४ मध्ये मंजूर केलेले टॉवर टूजीचेच होते. एप्रिल २०२२ मध्ये त्यातले २,३४३ टॉवर फोरजी करायला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी जुलैत, नेटवर्क न पोचलेल्या २४,६८० गावांत फोरजी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर झाले. उत्तमच. पण माझ्या मते सगळ्यात शहाणं पाऊल १७ जानेवारी २०२५ चं, ज्याच्याकडे आपल्यापैकी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. सरकारी निधीतून उभे राहिलेले सुमारे २७,००० फोरजी टॉवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ, तिघांच्या ग्राहकांना वापरू द्यायचं ठरलं. टॉवर कुणाचाही असो, सिम यातलं कुठलंही असो, फोन लागायला हवा.

हे का महत्त्वाचं, तर तुम्ही फोनवर 'फक्त आणीबाणीचे कॉल' असं वाचलंय ना? त्याचा अर्थ, तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी ऐकू येतोय. ११२ लावलात तर फोन त्या परक्या टॉवरवरून प्रयत्न करतो. म्हणजे तांत्रिक अडचण नाहीच! अडचण कंपन्यांच्या आपसातल्या हिशोबाची आहे. रानात अडकलेला माणूस पहिला फोन ११२ ला करेलच असं नाही. तो भावाला करतो, सरपंचाला करतो, ओळखीच्या वनरक्षकाला करतो.

म्हणून माझ्या मागण्या दोनच. एक, ताडोबासारख्या जंगलाच्या पट्ट्यात हा वाटून घेण्याचा नियम फक्त सरकारी निधीच्या टॉवरपुरता न ठेवता सगळ्या टॉवरना लावा. दोन, एखाद्या भागातलं टूजी बंद करायचं असेल तर आधी कमी वारंवारतेवरचं फोरजी तिथे लावा आणि साधा फोरजी फोन हातात घेऊन शेताच्या बांधावरून, मोहाच्या झाडाखालून कॉल लावून बघा. नकाशावर हिरवा रंग भरून चालणार नाही. टूजीवर जिथून बोलणं होत होतं, तिथून नव्यावर होतंय हे दिसलं, की मग खुशाल बंद करा. मी स्वतः येऊन पेढे वाटीन :-)

आणि आता आपल्याबद्दल. टॉवर आपल्या हातात नाहीत, पण अॅप आहेत. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवरची हजेरी मोबाईल अॅपने सक्तीची झाली: कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा फोटो. हजेरी म्हणजे मजुरी. असं काहीही लिहिताना आपण ऑफिसच्या वायफायवर बसलेलो असतो, आणि 'नेटवर्क बदललं तर काय' हा प्रश्न टेस्टिंगच्या यादीत सगळ्यात शेवटी असतो. असला तर. फोरजीवरून टूजीवर जाताना कनेक्शन तुटू शकतं, पत्ता बदलू शकतो, अर्धा पाठवलेला फोटो लटकू शकतो. तो पहिल्यापासून पाठवायचा की उरलेलाच, हा निर्णय कोड लिहिणाऱ्याचा असतो, आणि त्याची किंमत दुसरंच कुणीतरी उन्हात उभं राहून मोजतं. उलट चांगली उदाहरणंही आपल्याच देशात आहेत. *९९# वरून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे मार्च २०२२ मध्ये आलं. ज्यांनी ते बांधलं त्यांनी सगळ्यात खालची पायरी धरून सुरुवात केली. दिसायला ओबडधोबड आहे, पण खालच्या पायरीवर चालतं ते वरच्या पायरीवर चालतंच. उलटं मात्र होत नाही.

तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात की एक करा. वायफाय बंद करा, फोन टूजीवर टाका, आणि स्वतः लिहिलेलं अॅप उघडा. पांढऱ्या पडद्यावर ते गोल चक्र किती वेळ फिरतं, तेवढं मोजा. मग जेवणाच्या सुट्टीत टीमला तो आकडा सांगा.