अमली पदार्थांचा कायदा : शिक्षेची वाट आणि उपचाराची वाट

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ साली केलेल्या ठरावानुसार २६ जून हा दिवस अमली पदार्थांचा गैरवापर आणि त्यांचा अवैध व्यापार यांच्या विरोधातील आंतरराष्ट्रीय दिन म्हणून जगभर पाळला जातो. त्या दिवशी शाळा-महाविद्यालयांतून फेऱ्या निघतात, शपथा घेतल्या जातात, चर्चमधून प्रार्थना होतात. तथापि या विषयासंबंधी आपल्या देशाचा कायदा नेमके काय सांगतो याची माहिती सर्वसामान्य भाविकांना क्वचितच असते. या अज्ञानाची किंमत अनेक कुटुंबांना मोजावी लागते. घरातील तरुण मुलगा अमली पदार्थांच्या आहारी गेला आहे हे कळताच आईवडील दुहेरी भीतीने ग्रासले जातात. लोक काय म्हणतील ही एक भीती आणि पोलीस काय करतील ही दुसरी. परिणामी गोष्ट दडवली जाते, उपचार लांबणीवर पडतात आणि पुष्कळदा पोलीस दारात आल्यावरच कुटुंब जागे होते. याच कायद्याने व्यसनी माणसासाठी उपचाराची वाट मोकळी ठेवली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

महाराष्ट्रात हा विषय सध्या विशेष महत्त्वाचा झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोनचा, म्हणजे 'एमडी'चा प्रचंड साठा हस्तगत केला. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने १९९९ च्या 'मोक्का' कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक संमत करून अमली पदार्थांचे गुन्हे संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत आणले. व्यापाऱ्यांच्या टोळ्यांना जरब बसावी हा त्यामागील हेतू योग्यच आहे. मात्र कायदा जितका कठोर होतो, तितकी तो कोणावर चालवला जात आहे हे पाहण्याची समाजाची जबाबदारी वाढते.

कायद्याची जडणघडण

ब्रिटिश काळातील अफूविषयक कायदे आणि १९३० चा घातक औषधी द्रव्यांचा कायदा रद्द करून संसदेने १९८५ साली 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम' संमत केला. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो अमलात आला. 'एनडीपीएस' या इंग्रजी आद्याक्षरांनीच तो सर्वत्र ओळखला जातो. १९६१ आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारांनी भारतावर टाकलेल्या जबाबदाऱ्या पार पाडणे हा त्याचा एक हेतू होता. त्याच सुमारास मुंबई-पुण्यासारख्या शहरांत 'गर्द'ने, म्हणजे ब्राऊन शुगरने, तरुण पिढीला विळखा घातला होता.

१९८९ च्या दुरुस्तीने या कायद्याला अधिक धार आणली. जामिनावर कडक निर्बंध आले आणि ठरावीक गंभीर गुन्हा दुसऱ्यांदा करणाऱ्यास देहदंड सक्तीचा करण्यात आला. त्या काळी व्यापाराच्या गुन्ह्यास किमान दहा वर्षांची शिक्षा होती आणि थोडा माल व पुष्कळ माल असा भेद फारसा नव्हता. २००१ च्या दुरुस्तीने हा दोष पुष्कळ अंशी दूर केला. २ ऑक्टोबर २००१ पासून पदार्थाच्या प्रमाणानुसार शिक्षा ठरू लागली.

आज अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि या दोहोंमधील प्रमाण अशा तीन पायऱ्या आहेत. हेरॉइनसाठी ५ ग्रॅमपर्यंत अल्प व २५० ग्रॅमपासून व्यापारी, गांजासाठी १ किलो व २० किलो, चरससाठी १०० ग्रॅम व १ किलो, कोकेनसाठी २ ग्रॅम व १०० ग्रॅम अशा मर्यादा आहेत. अल्प प्रमाण बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मधल्या पायरीवर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. व्यापारी प्रमाणासाठी मात्र किमान दहा आणि कमाल वीस वर्षांची सक्तमजुरी व किमान एक लाख रुपये दंड आहे. केवळ सेवन करणे हाही कलम २७ खाली गुन्हा आहे. हेरॉइन, मॉर्फिन व कोकेन यांसाठी एक वर्षापर्यंत, इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

वजनाच्या हिशेबातील अडचण

शिक्षा वजनावर ठरते म्हटल्यावर वजन कशाचे, हा प्रश्न ओघानेच येतो. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गर्दमध्ये हेरॉइनचा अंश थोडा आणि भेसळ फार असते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या ई. मायकल राज खटल्यात जप्त माल सुमारे ४ किलो होता, पण त्यातील शुद्ध हेरॉइन जेमतेम ६० ग्रॅम भरत होते. शुद्ध अंशच मोजावा, असा निर्णय न्यायालयाने दिला. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात न्यायालयाच्या मोठ्या पीठाने हा निर्णय बदलला. आता भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते. भेसळीच्या आडून सुटणाऱ्या व्यापाऱ्याला यामुळे आळा बसतो. मात्र भेसळयुक्त पुड्या स्वतःसाठी बाळगणारा व्यसनीही याच हिशेबाने वरच्या पायरीवर जाऊ शकतो.

वरच्या पायरीचा अर्थ गंभीर आहे. व्यापारी प्रमाणाच्या आरोपात कलम ३७ लागू होते. आरोपी निर्दोष असल्याचे मानण्यास सबळ कारण आहे आणि जामिनावर असताना तो गुन्हा करणार नाही, अशी खात्री पटल्याखेरीज न्यायालय जामीन देत नाही. यामुळे अनेक आरोपी खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच कित्येक वर्षे तुरुंगात काढतात. खटला अवाजवी लांबल्यास जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे. अंगझडती घेण्यापूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क कलम ५० देते आणि तो हक्क आरोपीला सांगणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावयाची असते. ऑक्टोबर २०२० च्या तोफान सिंग निर्णयानुसार तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हे हक्क माहीत असणे म्हणजे गुन्ह्याला पाठीशी घालणे नव्हे. निरपराध माणूस भरडला जाऊ नये आणि अपराध्याचा न्याय नीट व्हावा, यासाठीच ते दिलेले आहेत.

देहदंडाविषयीही एक महत्त्वाचा बदल घडला आहे. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्यातील सक्तीचा देहदंड जीविताच्या मूलभूत हक्काशी विसंगत ठरवला. २०१४ च्या दुरुस्तीने तो न्यायाधीशांच्या विवेकावर सोपवला. तरतूद मात्र अद्याप कायम आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद २२६७ मध्ये सुधारणा करून देहदंड कोणत्याही परिस्थितीत अग्राह्य असल्याची शिकवण दिली. त्यामुळे या तरतुदीविषयी कॅथॉलिक भाविकाची भूमिका काय असावी, याबाबत संदिग्धता उरलेली नाही.

दुर्लक्षित राहिलेली दोन कलमे

या कायद्यातील दोन कलमे प्रत्येक धर्मग्रामात समजावून सांगण्यासारखी आहेत. कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्या आरोपाखाली तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. कलम ३९ पुढच्या टप्प्यासाठी आहे. अशा गुन्ह्यात व्यसनी व्यक्ती दोषी ठरली, तरी तिचे वय, पूर्वचरित्र आणि शारीरिक-मानसिक स्थिती पाहून न्यायालय तिच्या संमतीने तिला तुरुंगाऐवजी उपचारासाठी पाठवू शकते.

प्रत्यक्षात ही वाट फार थोडे लोक धरतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थांचे सेवन करणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी २६ लाख आढळली. अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या २० जणांपैकी जेमतेम एकाला रुग्णालयात राहून उपचार मिळाले होते. स्वतःच्या सेवनापुरता साठा बाळगणाऱ्यास गुन्हेगार मानू नये, अशी सूचना सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ साली केल्याचे वृत्त होते. त्यानुसार कायद्यात बदल झालेला नाही. म्हणूनच आज उपलब्ध असलेल्या कलमांचा लाभ घेणे अधिक अगत्याचे ठरते.

औषध म्हणून उपयोग

कायद्याच्या कठोरपणाचा फटका आणखी एका वर्गाला बसला. मॉर्फिन हे कर्करोगाच्या असह्य वेदना शमवणारे औषध आहे. १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे आणि शिक्षेच्या धास्तीमुळे रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. १९९७ पर्यंत त्याचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकसारखी आणि सुलभ परवाना पद्धती आणली. वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेल्या 'शांती आवेदना सदन' या देशातील पहिल्या शुश्रूषागृहासारख्या संस्थांचे कार्य ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मरणासन्न रुग्णाच्या वेदना शमवणे ही केवढी मोठी दया आहे हे वेगळे सांगावयास नको. एकच पदार्थ एकाच्या हातात विष आणि दुसऱ्याच्या हातात औषध ठरतो. कायद्याला हा विवेक सांभाळावा लागतो.

ख्रिस्तसभेची भूमिका

ख्रिस्तसभेने अमली पदार्थांबाबत कधीही सौम्य भूमिका घेतलेली नाही. धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २२९१ औषधोपचाराखेरीज होणारे सेवन हा गंभीर अपराध मानतो आणि चोरटे उत्पादन व व्यापार यांचा कडक शब्दांत निषेध करतो. पोप फ्रान्सिस यांनी २६ जून २०२४ रोजी व्यापाऱ्यांना मृत्यूचे सौदागर म्हटले आणि मोकळीक देऊन व्यसन कमी होत नाही, असेही बजावले. त्याच वेळी प्रत्येक व्यसनी व्यक्ती ही देवाचे लेकरू आहे, याचे त्यांनी स्मरण करून दिले. पोप लिओ चौदावे यांनी २६ जून २०२५ रोजी याच विचाराला पुढे नेले. सुरक्षेच्या नावाखाली गरिबांविरुद्धच युद्ध पुकारले जाते, साखळीच्या शेवटच्या कडीला असलेल्या माणसांनी तुरुंग भरतात आणि साखळी ज्यांच्या हाती आहे ते मोकळे राहतात, अशा आशयाची खंत त्यांनी व्यक्त केली. आपल्या कायद्याच्या अंमलबजावणीचे मूल्यमापन करण्यासाठी ही कसोटी उपयुक्त आहे.

आपले धर्मग्राम काय करू शकतात?

पहिली गोष्ट म्हणजे बोलणे सुरू करणे. धर्मग्राम समिती, महिला मंडळ, युवक संघटना आणि लहान ख्रिस्ती समूह यांच्या सभांतून वकील व मानसोपचारतज्ज्ञ यांना बोलावून वरील कलमे समजावून घेता येतील. दुसरी गोष्ट योग्य उपचारकेंद्राची निवड. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे सुरू केलेले 'कृपा फाउंडेशन' आणि पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी उभारलेले 'मुक्तांगण' या संस्थांनी हजारो कुटुंबांना सावरले आहे. केंद्र शासनमान्य आहे ना, याची खात्री करून घ्यावी, कारण कलम ६४-अ चे संरक्षण त्यावर अवलंबून आहे. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे. जेथे असे प्रकार चालतात तेथे आपले मूल ठेवू नये. शासनाचा १४४४६ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक प्राथमिक सल्ल्यासाठी उपलब्ध आहे.

तिसरी गोष्ट अप्रिय वाटली तरी सांगणे आवश्यक आहे. गावात किंवा शाळेच्या आसपास कोणी हा माल विकत असेल, तर तो आपला नातलग किंवा शेजारी आहे म्हणून गप्प बसता कामा नये. मुलांना अमली पदार्थ देणाऱ्यास किंवा विक्रीसाठी मुलांचा वापर करणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठेवली आहे. अशी माहिती पोलिसांना देणे हे पालकांचे आणि सर्व भाविकांचे कर्तव्य आहे.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पित्याने मुलाची वागणूक योग्य ठरवली नाही, पण मुलगा दूर असतानाच तो त्याला सामोरा धावत गेला. व्यसनात सापडलेल्या आपल्या मुलामुलींना असेच सामोरे जाण्याची गरज आहे. अटक होण्याआधी उपचार सुरू झाले, तर कायदाही त्यांच्या बाजूने उभा राहू शकतो. ज्या घरात आज ही गोष्ट दडवली जात आहे, त्या घरापर्यंत एवढी माहिती पोहोचवण्याचे काम प्रत्येक धर्मग्रामाने हाती घ्यावे.