मालगाडीलाही वाट द्या

सातारा-सांगली प्रवासात मालगाडीवर चिडला नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. एकेरी मार्गाच्या दिवसांत रहिमतपूरला पॅसेंजर थांबली की कुणीतरी बातमी आणी, ‘समोरून मालगाडी येतेय.’ मग सारा डबा तिच्या नावाने बोटे मोडी. मी गप्प बसे. तिच्यातल्या मालावर आमच्या बँकेने पैसे दिलेले असत!

सांगलीच्या शाखेत मी तेव्हा नवा अधिकारी होतो. हळदीचे व्यापारी रेल्वेची पावती आणत. माल वाघिणीत चढल्याचा तो पुरावा. त्यावर आम्ही उचल देत असू. मिरजेत त्या काळी तीन मापांचे रूळ होते : ब्रॉडगेज, मीटरगेज आणि लातूरकडे जाणारी बार्शी लाइटची अरुंद वाट. एका गाडीतले पोते दुसरीत जायचे ते हमालाच्या पाठीवरून. माल तिथे अडकला की व्यापाऱ्याबरोबर माझीही झोप उडे.

पुढे रेल्वेने अख्खी मालगाडी भरणाऱ्यालाच जवळ केले. चार-दोन वाघिणींचा व्यापारी ट्रककडे वळला.

मग ११ एप्रिल २०१६ आला. लातूर तहानलेले होते. मिरजेहून दहा वाघिणी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन निघाल्या. नंतर पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. बार्शी लाइटची ती वाट ब्रॉडगेज होऊन तेव्हा काही वर्षेच झाली होती. जुने रूळ असते, तर त्या वाघिणी मिरजेपुढे जाऊच शकल्या नसत्या.

याच वाटेवरच्या सांगोल्याहून २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे पश्चिम बंगालला निघाली. तिच्यात थोडका मालही घेत. पण त्या वर्षी प्रवासी गाड्या मोजक्याच होत्या, हे विसरू नये. आपण घरी बसलो, म्हणून भाजी-फळांना रूळ मोकळे मिळाले.

दुहेरी मार्ग म्हटला की आपण विचारतो, पुण्याला किती लवकर पोहोचणार? त्याबरोबर हेही विचारू या : तासगावच्या बेदाण्याला, कोरेगावच्या घेवड्याला दोन वाघिणींची जागा मिळणार का? रूळ सामाईक आहेत, तर वाटणीही सगळ्यांची हवी. तेवढ्यासाठी दहा मिनिटे थांबावे लागले, तर मी बोटे मोडणार नाही.