वल्हं जपून मारा, खाली गाव आहे

गोंयकाराला पाण्याची हौस नवी नाही. सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आधी दर्या येतो आणि पावसाळ्यात धबधबा. पण हल्ली या दोन ठिकाणांत तिसऱ्याची भर पडली आहे, ती म्हणजे धरण. शनिवार-रविवार जोडून आला की गाडीत तंबू टाकायचा, हवा भरून फुगवायची होडी घ्यायची आणि जलाशयाच्या काठी रात्र काढून यायचं. महाराष्ट्रात पवना धरणाच्या काठी तर तंबूंची वसाहतच उभी राहिली आहे. ते वारं आपल्याकडेही पोचलं. पोचू दे. तरुण मुलं मॉलमध्ये फिरण्यापेक्षा झाडापाण्यात जात असतील तर त्यात वाईट काय आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की जलाशयाला तळं समजून कुणी जाऊ नये. तळं निसर्गाचं असतं किंवा गावाने आपल्यासाठी खणलेलं असतं. मयेचं तळं मयेकरांचं, गावाच्या अंगाखांद्यावर वाढलेलं. धरणाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ते कुणाच्या तरी दारात, देवळात, शेतात शिरून बसलेलं असतं. त्याच्यावर होडी घालणारा माणूस कुणाच्या तरी अंगणावरून चाललेला असतो. हे ठाऊक असलेला पाहुणा वेगळा वागतो आणि ठाऊक नसलेला वेगळा.

गेल्या जानेवारीत मी आणि माझा एक मडगावचा मित्र साळावलीच्या जलाशयावर दोन दिवस राहून आलो. मित्राच्या मामेसासऱ्यांचं कुळागर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याच कुळागराच्या कडेला आम्ही तंबू ठोकला. पाणी पिण्याचं आहे आणि पलीकडचं रान नेत्रावळी अभयारण्याचं, तेव्हा कुठे जायचं, कुठे नाही, हे मित्राने आधीच रीतसर विचारून ठेवलं होतं. होडी मात्र आमची नव्हती. जलाशयात मासे मारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांची ती साधी लाकडी होडी आणि वल्हवणारेही तेच.

समुद्राला भरती-ओहोटी असते, नदीला ओढ असते. जलाशयाला यातलं काहीच नाही. त्याची ओहोटी एकदाच सुरू होते, दिवाळीच्या सुमारास, आणि ती मे संपेपर्यंत चालते. जानेवारीत काठावर तांबड्या उघड्या मातीचे पट्टे दिसतात, एकाखाली एक, पायऱ्यांसारखे. त्या मातीत गवताची काडी नसते. जिथे गेल्या आठवड्यात पाणी होतं तिथे आज चिखल, आणि चिखलावर पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. होडीच्या वाटेत मेलेल्या झाडांचे खुंट उभे असतात. काही वर दिसतात, काही वितभर पाण्याखाली दडलेले. बाबांना प्रत्येक खुंट ठाऊक होता. नवखा माणूस फुगवलेली होडी घेऊन इथे संध्याकाळच्या वाऱ्यात शिरला तर काय होईल, ते सांगायला नको. पोहायला उतरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की या तळाशी जुन्या विहिरी आहेत, चिऱ्यांच्या भिंती आहेत, बांध आहेत. वरून सपाट दिसणारं पाणी खालून मुळीच सपाट नाही.

पाण्याच्या मध्याशी आल्यावर बाबांनी वल्हं थांबवलं. बोटाने नव्हे, वल्ह्यानेच एक दिशा दाखवली आणि म्हणाले, "थंय आमचें घर आशिल्लें." बस, एवढंच. मग थोडं पुढे गेल्यावर शेत, आणखी पुढे सोमेश्वराचं देऊळ. जिथे मला आणि मित्राला फक्त निळं पाणी दिसत होतं, तिथे त्यांना वाटा दिसत होत्या.

ते गाव म्हणजे कुर्डी. सांगे तालुक्यातलं, दोन डोंगरांच्या मध्ये वसलेलं, नदीकाठचं सुपीक गाव. भातशेती, माड, पोफळी, काजू, फणस. हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही शेजारी एकत्र नांदलेले. वस्ती सुमारे तीन हजारांची. गोवा मुक्त झाल्यावर राज्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले आणि धरणाने साऱ्या दक्षिण गोव्याचं कसं भलं होईल ते त्यांनी लोकांना समजावून सांगितलं, ही आठवण कुर्डीकर अजून सांगतात. सहाशेहून अधिक कुटुंबं उठली. काही वाडे इथे गेली, काही वालकिणीला. १९८६ पर्यंत गाव पाण्याखाली गेलं होतं.

देवांचीही सोय लावावी लागली. कदंबकाळातलं महादेवाचं देऊळ दगड न् दगड सुटा करून मूळ जागेपासून सुमारे सतरा किलोमीटरवर, धरणाच्या जवळ, पुरातत्त्व खात्याने पुन्हा उभं केलं. जांभ्या दगडातली प्राचीन मातृदेवता वेर्ण्याला गेली. दगड सुटे करता येतात आणि जसेच्या तसे पुन्हा जुळवता येतात. शेजार तसा जुळवता येत नाही. कुणाच्या बांधाला कुणाचा बांध लागून होता, कुणाच्या पडवीत कातरवेळी कोण येऊन बसायचं, हे सगळं नव्या भूखंडांच्या आखणीत कुठे बसणार?

संगीतावर प्रेम करणाऱ्या मराठी माणसाला तर कुर्डी हे नाव विसरताच येऊ नये. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर या गावच्या. १९०४ साली जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, १९७४ साली पद्मभूषण, आणि किशोरी आमोणकरांच्या आई. आडनावातच गाव घेऊन ही बाई देशभर गायली. त्यांच्या घराचे अवशेष याच जलाशयात आहेत, मे महिन्यात पाणी उतरलं की उघडे पडतात. जयपूर-अत्रौली गायकीवर तासन् तास बोलणारे आपल्यातले किती रसिक त्या चिऱ्यांपाशी एकदा तरी जाऊन उभे राहिले आहेत?

रात्री तंबूपुढे उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या सुंगटांची किसमूर असा बेत होता. जेवताना मित्राशी माझा वाद झाला. तो बँकेत नोकरी करतो, हिशेबाचा माणूस. म्हणाला, "अरे, मयेच्या तळ्यावर बोटी चालतातच ना? मग इथे का नकोत? चार पोरांना काम मिळेल. तू नुसता गावाच्या नावाने गळा काढणार, त्याने कुणाची चूल पेटते?"

त्याचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला पूर्ण पटते. लोक आले नाहीत तर लोक विसरतील. कुंपण घालून ठेवलेली जागा हळूहळू मनातूनही जाते. सत्तरीतलं अंजुणे गावही असंच धरणाखाली गेलं. चोर्ला घाटातून खालचं पाणी बघत बेळगावला जाणाऱ्या किती जणांना त्या पाण्यात गाव आहे हे ठाऊक असतं? तेव्हा "कुणी येऊच नका" हे उत्तर होऊ शकत नाही. धरण नको होतं असंही मी म्हणणार नाही. शेळप्याच्या प्रकल्पात शुद्ध होऊन साळावलीचं पाणी मडगावला जातं, मुरगावला जातं. मित्राच्या घरचा नळ त्याच पाण्यावर चालतो. हे पाणी पिऊन वर धरणाला नावं ठेवणं मला शोभणार नाही.

पण मित्राच्या हिशेबात दोन रकमा मांडायच्या राहून गेल्या आहेत. पहिली रक्कम पाण्याची. मयेच्या तळ्यावर सांडलेलं पेट्रोल मयेच्या तळ्यात राहतं. साळावलीच्या पाण्यावर सांडलेलं पेट्रोल आपल्या पाण्याच्या साठ्यात उतरतं. तेच बाटल्यांचं, तेच काठावर उरकलेल्या विधींचं. जे पाणी आपण लेकराला पाजतो त्याच्यावर इंजिनाच्या बोटी फिरवायच्या ही हौस कुठल्या हिशेबात बसते?

दुसरी रक्कम माणसांची. ज्यांनी गाव दिलं त्यांना त्या बदल्यात काय मिळालं? २०१९ साली कुर्डीची गोष्ट जगभर छापून आली, तेव्हा विस्थापितांपैकीच एकाने पत्रकारांना सांगितलं होतं की धरणाचं पाणी त्यांच्या नव्या वस्तीला येत नाही, प्यायला विहिरीच आहेत. वाचून मान खाली जावी अशी ही गोष्ट. उद्या इथे पर्यटन आलं तर तेच होणार. बाहेरचा कुणीतरी ठेका घेणार, बाहेरच्या बोटी येणार, आणि होडीतले बाबा काठावर उभे राहून आपल्या घरावरून जाणाऱ्या आरडाओरड्याकडे बघत राहणार. चार पोरांना काम मिळेल हे खरं, पण ती चार पोरं कुणाची हा प्रश्न आधी विचारायला हवा.

मे महिन्यात कुर्डी वर येते. जेमतेम महिनाभर. तेव्हा विस्थापित कुटुंबं सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या कपेलाच्या फेस्ताला. आपल्या घराच्या जागी उभं राहून म्हातारी माणसं नातवंडांना उंबरा दाखवतात. गेली काही वर्षं त्याच दिवसांत बाहेरची गर्दीही लोटते, "गायब होणारं गाव" बघायला. भेगाळलेल्या मातीवरून गाड्या घातल्या जातात. पडक्या भिंतीवर चढून फोटो काढले जातात. ज्या चिऱ्यांनी चार दशकं पाण्याचा मार सोसला ते या पायांनी निखळतात. कुणाच्या श्राद्धाला जाऊन आपण पंगतीचे फोटो काढत सुटू का? मग इथेच ही मुभा कुणी दिली?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत.

पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर इंजिनाची बोट नको, ना सरकारी ना खाजगी. वल्ह्याची होडी पुरे. दोन दिवसांत आम्हाला तिसरं काही लागलं नाही, आणि पाण्यावरची जी शांतता ऐकायला माणूस एवढ्या लांब जातो ती इंजिनाच्या आवाजात मिळणारही नाही.

ती वल्ही कुर्डीकरांच्या हातात हवीत. होड्या चालवायचा आणि राहायची सोय करायचा पहिला हक्क विस्थापित कुटुंबांचा. उपकार म्हणून नव्हे. त्यांच्याइतकी या तळाची माहिती दुसऱ्या कुणालाही नाही, त्यामुळे येणाऱ्याच्या जिवालाही तेच बरं.

उत्सवाचे आणि फेस्ताचे दिवस त्यांचे त्यांना सोडावेत. बाकीच्यांनी इतर दिवशी यावं, गाडी लांब ठेवून चालत यावं, आणि भिंतीला हात लावण्याआधी सोबत असलेल्या कुर्डीकराला विचारावं.

आणि शेवटचं, अगदी कमी खर्चाचं. साळावलीला आलेला माणूस बदकाच्या चोचीसारखा सांडवा बघतो, खालची बाग बघतो, सुमारे ४३ मीटर उंचीची भिंत बघतो आणि चहा पिऊन परत जातो. तिथे एक फलक हवा, मराठीत आणि कोंकणीत. कुर्डीतल्या वाड्यांची नावं, देवळांची, कपेलांची, मोगूबाईंचं घर, आणि उठून गेलेल्या कुटुंबांची संख्या. फलकावर अभियंत्यांची आणि मंत्र्यांची नावं असतातच, त्यांच्या शेजारी ही नावंही शोभतील.

मुलांना जरूर घेऊन जा. तंबू ठोका, चांदणं बघा, पहाटे धुक्यात होडीत बसा. त्यांना मासे दाखवा, पाणकावळे दाखवा. पण होडी मध्यावर पोचली की वल्हवणाऱ्याला क्षणभर थांबायला सांगा आणि मुलांना सांगा की घरी नळ सोडल्यावर येतं ते हे पाणी, आणि ते इथे साठावं म्हणून खालच्या माणसांनी आपली घरं सोडली. मुलं ऐकून घेतील. प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरं देता यावीत म्हणून तरी आपण कुर्डीची माहिती करून घेतली पाहिजे.