कुलूप नव्हे, सोबत

मागच्या पावसाळ्यात पंधरा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. तीन आठवडे पोट दुखते, जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) पहिल्या खेपेस मीही आम्लपित्ताचे औषध देऊन मोकळा झालो होतो. या वेळी पुन्हा तपासले. पोट मऊ, ताप नाही, रक्त-लघवीत काही दोष नाही. आईला औषधे आणायला खालच्या दुकानात पाठवले आणि विचारले, "काय रे बाळा, कोणी त्रास देतं का?"

बराच वेळ तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टरकाका, पप्पांना सांगणार नाही ना?"

असे वचन डॉक्टरला देता येत नाही. "सांगावं लागलं तर तुझ्यासमोर सांगेन आणि तुझ्या बाजूने सांगेन," एवढेच मी म्हणालो. मग सारे बाहेर आले. इन्स्टाग्रामवर एका 'मुली'शी ओळख झाली, महिनाभर गोड बोलणे झाले, मग तिने फोटो मागितला. पलीकडे मुलगी नव्हतीच. फोटो हाती पडताच पैशांची मागणी सुरू झाली. नाही दिलेस तर सगळ्या नातेवाइकांना पाठवू, ही धमकी. पोराने वडिलांच्या फोनवरून दोनदा चोरून पैसे पाठवले होते. आता पैसे संपले होते आणि त्याच्या मनात नाही नाही ते विचार येत होते.

संध्याकाळी वडिलांना बोलावले. मानकोलीकडच्या एका गोदामावर ते टेम्पो चालवतात. ऐकता ऐकता त्यांनी हात उगारला आणि मग स्वतःच मटकन खाली बसले. म्हणाले, "साहेब, मी तर फोनला कुलूप लावून दिलं होतं."

वाचकहो, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. फोनला कुलूप होते, नको त्या गोष्टी अडवणारी व्यवस्था होती. पण संकट आले तेव्हा जाऊन सांगावे असे घरात एकही माणूस त्या मुलाला दिसले नाही. आपल्या भिवंडीत माग बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर चालतात, गोदामांच्या गाड्या रात्रभर धावतात. एका खोलीत सहा माणसे राहतात, पण बाप घरी येतो तेव्हा पोरे झोपलेली असतात. अशा दाटीतही मूल फोनपुढे अगदी एकटे असू शकते.

हा प्रकार घडला तेव्हा आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्याकडे याला वेगळं औषध आहे." सिस्टर वसईकडच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. रात्री जपमाळेच्या प्रार्थनेला बसताना घरातले सगळे फोन एका टोपलीत जातात, सिस्टरांचा आणि त्यांच्या मिस्टरांचाही. शिवाय घरातल्या प्रत्येकाने आपला एक 'विचारणारा माणूस' ठरवलेला आहे. मुलीची मावशी, मुलाचा मोठा चुलतभाऊ, नवऱ्याचा एक जुना मित्र. आठवड्यातून एकदा तो विचारतो, "या आठवड्यात फोनवर असं काही पाहिलंस का, कोणाशी असं काही बोललास का, जे लपवावंसं वाटलं?" उत्तर खरे द्यायचे आणि ऐकणाऱ्याने उपदेश करायचा नाही.

ही रीत काही मोबाइलबरोबर आलेली नाही. १७३८ साली इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी आपल्या अनुयायांच्या लहान लहान टोळ्यांसाठी नियम लिहिले. आठवड्यातून एकदा जमायचे आणि आपल्या चुका एकमेकांपुढे मोकळेपणाने सांगायच्या, हा त्यांचा गाभा. पुढे १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने पोळलेले, एकत्र आले आणि 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' सुरू झाली. तिची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत होती. दारू सोडू पाहणाऱ्याला आधी सोडलेला एक सोबती मिळतो, मध्यरात्री तल्लफ आली तरी त्याला फोन करता येतो. हा उपाय आज सर्व धर्मांचे लोक वापरतात. २००० साली हीच कल्पना अमेरिकेतल्या 'कव्हनंट आइज' या संगणक प्रणालीने इंटरनेटला लावली. तुम्ही काय पाहिले त्याचा अहवाल तुम्हीच निवडलेल्या विश्वासू माणसाकडे जातो. बायबलमधल्या ईयोबाने आपल्या डोळ्यांशी करार केला होता, त्यावरून हे नाव.

पण औषध म्हटले की त्याचे दुष्परिणामही सांगितले पाहिजेत. सोबत्याचा पहारेकरी व्हायला वेळ लागत नाही. काही चर्चमध्ये अशा प्रणालींतून माणसाच्या फोनमधली प्रत्येक हालचाल टिपली जाते, हे २०२२ साली उघड झाले. त्यानंतर गुगलने यातल्या काही प्रणाली आपल्या दुकानातून काढल्या होत्या. दुसरा धोका लाजेचा. जोशुआ ग्रब्ज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासांत असे दिसले की, धार्मिक वळणाची माणसे फारसे काही पाहत नसली तरी स्वतःला व्यसनी समजण्याची शक्यता अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, ताबा सुटलेल्या लैंगिक वर्तनाला विकार म्हटले आहे. पण केवळ नैतिक अपराधीपणाचा त्रास होतो एवढ्यावरून हा विकार ठरवू नये, असेही तिथेच सांगितले आहे. 'तू पापी' असे ऐकलेले मूल सुधारत नाही, ते लपवायला शिकते. आणि धमकावणारा भामटा जगतो तो या लपवण्यावरच.

म्हणून माझे मत असे की, सिस्टरांच्या घरातली रीत कोणत्याही धर्माच्या घराने उचलावी, मात्र तिच्यातला विश्वास घ्यावा, धाक घेऊ नये. हे आपल्या मातीत जमते, याचा दाखला सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १४ ऑगस्ट २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. त्या वेळी विजय मोहिते सरपंच होते. भोंग्याने काम झाले, कारण तो सगळ्यांसाठी होता, एकट्या पोरांसाठी नव्हता.

मग आपण घरी काय करावे?

पहिले, नियम आईबापांपासून सुरू करावा. वडिलांचा फोन उशाशी आणि मुलाचा कपाटात, हा न्याय मुलाला पटत नाही.

दुसरे, संकट येण्याआधीच मुलाला शब्द द्यावा: "काहीही घडलं तरी आधी ऐकेन, मारणार नाही, फोन हिसकावणार नाही." आणि तो पाळावा. एकदा मोडला की पुन्हा मूल तुमच्याकडे येणार नाही.

तिसरे, आईबापांशी बोलणे जड जात असेल तर मामा, आत्या, शिक्षिका असा एक माणूस मुलानेच निवडावा. तो आईवडिलांना माहीत असावा. 'हे घरी सांगू नकोस' म्हणणारा मोठा माणूस कितीही प्रेमळ वाटला तरी सोबती नव्हे, तोच धोका समजावा.

चौथे, फोनमध्ये देखरेखीची सोय ठेवायची तर मुलाला सांगून ठेवावी आणि वय वाढेल तशी सैल करावी. चोरून केलेली तपासणी एक दिवस उघडी पडतेच.

आणि धमकी आलीच तर? पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढतेच. संदेश पुसू नयेत, त्यांचे फोटो काढून ठेवावेत, मग समोरच्याला ब्लॉक करावे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे, मन सावरण्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६. मूल जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल तर त्याला एक क्षणही एकटे सोडू नये. अठरा वर्षांखालील मुलाबाबत असा प्रकार समजला की पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, डॉक्टरलाही आणि शेजाऱ्यालाही. अपराधी मूल नाही, धमकावणारा आहे, हे मुलाला पुन्हा पुन्हा सांगावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले? वडील त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तक्रार झाली. फोटो कुठेही आले नाहीत. गेलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. पोटदुखी महिनाभरात गेली, आम्लपित्ताच्या गोळीशिवाय. परवा बापलेक दोघे दवाखान्यात आले होते, वडिलांचा रक्तदाब तपासायला. मी मुलाला विचारले, "आता विचारणारा माणूस कोण?" त्याने शेजारी बसलेल्या वडिलांकडे बोट दाखवले. वडील म्हणाले, "साहेब, रविवारी पाळी नसते. तेवढाच दिवस मिळतो, पण बसतो आम्ही."