इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकावेत?

इंग्रजीच्या अभ्यासात वाक्प्रचार पाठ करण्याचे काम आमचे विद्यार्थी मोठ्या निष्ठेने करतात. डाव्या बाजूस वाक्प्रचार, उजव्या बाजूस अर्थ, अशी यादी वहीत उतरली की विषय संपला, अशी समजूत विद्यार्थ्यांप्रमाणे पालकांतही रूढ आहे. आमच्या मते ही पद्धत अपुरी आहे. प्रसंगी ती घातकही ठरते.

शब्दांची फोड करून वाक्प्रचाराचा अर्थ हाती लागत नाही, हे आपण स्वभाषेतही अनुभवतो. मुसळधार पावसात मुसळे पडत नाहीत. इंग्रजांच्या पावसात कुत्री-मांजरे पडतात, तीही याच न्यायाने.

पुष्कळ वाक्प्रचारांचे मूळ त्या त्या लोकांच्या हवामानात व जीवनक्रमात असते. इंग्लंड हा थंड देश. तेथे ऊब हे सुख. म्हणून प्रेमळ स्वागत ते 'वॉर्म वेलकम', आणि उपेक्षा म्हणजे 'कोल्ड शोल्डर'. आपण उन्हाने पोळणारे लोक. प्रिय माणूस भेटले की आपले डोळे निवतात. वडीलधाऱ्यांच्या मायेला आपण सावली म्हणतो. हा भेद ज्याला उमगला, तो मराठीत 'उबदार स्वागत' लिहिण्यापूर्वी थबकेल आणि 'मनःपूर्वक स्वागत' लिहील. तीच गोष्ट 'ब्रेड अँड बटर'ची. चरितार्थ या अर्थाने इंग्रजाला पाव-लोणी सुचते, मराठी माणसाला मीठ-भाकर, तर आम्हा कोंकणी बोलणाऱ्यांना शीत-कडी आठवते.

काही वाक्प्रचारांमागे इतिहास असतो. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा मिळाला, तेव्हा नौसेनानी नेल्सनने दुर्बीण आपल्या निकामी डोळ्याला लावली आणि 'मला इशारा दिसत नाही' असे म्हटले, अशी कथा सांगतात. 'टर्न अ ब्लाइंड आय' या वाक्प्रचाराशी ती कायमची जोडली गेली आहे. यादीत त्याचा अर्थ 'दुर्लक्ष करणे' एवढाच असतो. जाणूनबुजून न पाहणे, ही खरी छटा कथेमुळे ध्यानात येते. आणि मग आपला 'कानाडोळा करणे' त्याच्या किती जवळचा आहे, हेही आपोआप उमगते.

परंतु अर्थ व मूळ कळले तरी एक गोष्ट उरते, आणि आम्ही तिलाच सर्वाधिक महत्त्व देतो. वाक्प्रचाराला मानमर्यादा असते. 'किक द बकेट' म्हणजे मरण पावणे, असे यादी सांगते. यादी खोटी नाही. पण एखाद्याने वरिष्ठांच्या मातोश्रींच्या निधनानंतर सांत्वनपत्रात हा प्रयोग केला, तर 'आपल्या मातोश्री गचकल्या' असे लिहिल्यासारखे होईल. व्याकरणाची चूक वाचणारा क्षमा करतो. दुःखाच्या वेळी झालेली अशी चूक मात्र त्याच्या मनात सलत राहते. लिहिणाऱ्याच्या मनात सद्भाव असूनही पत्र थट्टेचे ठरते.

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर कोणताही अर्थ क्षणात मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला? अर्थ मिळतो हे खरे. पण तो शब्दप्रयोग कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी करावा, हा विवेक वाचनाने आणि जाणत्यांचे बोलणे कान देऊन ऐकल्यानेच अंगी येतो.

यास्तव विद्यार्थ्यांना आमची सूचना अशी की, वहीत दोनाऐवजी चार रकाने आखावेत: वाक्प्रचार, त्याचा अर्थ, तो शोभेल असा प्रसंग, आणि त्याच आशयाचा आपल्या घरातील शब्दप्रयोग, मग तो मराठी असो वा कोंकणी. चौथा रकाना भरण्यासाठी आजीला विचारावे लागले, तर तेही अवश्य करावे. अशा रीतीने आठवड्यास दोनच वाक्प्रचार शिकले, तरी वर्षअखेर शंभरांच्या आसपास मजल जाईल. आणि ते परीक्षेनंतरही विसरले जाणार नाहीत.